आधी खड्डा, मग नकाशा

(बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात मे महिन्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

बोलायला लागण्याआधी टेबलावरच्या या दोन काचेच्या नळ्या बघून घ्या. मागच्यांना दिसत नसतील, त्यांनी नंतर पुढं येऊन बघा. काल संध्याकाळी याच सुमाराला मी दोन्हींत एकाच शेतातली काळी माती घातली. वाळवून, अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक भोकांच्या चाळणीनं चाळून, दहा-दहा ग्रॅम मोजून. ही नळी रॉकेलनं भरली, ती शुद्ध पाण्यानं. ढवळून आतली हवा काढली आणि चोवीस तास हात लावला नाही. रॉकेलमधली माती आता ११ च्या खुणेवर बसलीय आणि पाण्यातली २४ च्या.

माती तीच, वजन तेच. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते, म्हणून दोन्हींतला फरक हा तिचा फुगवटा. चोवीसातून अकरा गेले, तेरा राहिले. तेराला अकरानं भागा, शंभरानं गुणा, एकशे अठरा टक्के आले. हा आकडा ५० च्या आत असला तर घर बांधणाऱ्यानं फार घाबरायचं कारण नाही. ५० ते १०० असला तर जपून. १०० च्या वर गेला की ती जमीन तुमचं घर उचलणार आणि खाली सोडणार, दर वर्षी, पावसाळ्यात वर आणि उन्हाळ्यात खाली.

ही माती निपाणीकडच्या एका शेताची आहे. परवापर्यंत तिथं तंबाखू होता. आता चुन्याच्या रेघा मारून तिचे प्लॉट पाडलेत.

आज मला एवढंच सांगायचं आहे की जागा घेताना, घर बांधताना, परसात झाड लावताना आपण कागद बघतो, रस्ता बघतो, दिशा बघतो, पाण्याची लाइन कुठवर आलीय ते बघतो. पायाखाली काय आहे ते बघायला मात्र एक माणूस, एक पहार आणि एक दिवस लागतो, आणि तेवढा एक दिवस आपण देत नाही.

आपल्या जुन्या माणसांनी तो दिला होता. गावाच्या जमिनीचे त्यांनी दोनच मोठे भाग केले होते, काळी आणि पांढरी. पिकायची ती काळी, राहायची ती पांढरी. वतनाच्या जुन्या कागदांत, गावच्या शपथांत ही जोडी येते. हे शब्द आले कुठून? काळी म्हणजे भारी, ओल धरणारी, पिकाला आई आणि भिंतीला वैरी असलेली जमीन. पांढरी म्हणजे उंचवट्यावरची, निचऱ्याची, पिढ्यान् पिढ्या राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती साचून फिकट झालेली जागा. उत्खनन करणारे लोकसुद्धा जुन्या वस्तीचं टेकाड शोधताना गावकऱ्यांना विचारतात, ‘पांढरी कुठाय?’ आणि गावकरी बरोबर बोट दाखवतात. आपली शेजारची कानडी माणसंही काळीला एरी म्हणतात आणि तांबडीला मसारी, आणि एरीवर घर घालायचं म्हटलं की म्हातारी माणसं तोंड वाकडं करतात. भाषा दोन असल्या तरी जमिनीबद्दलचं शहाणपण एकच होतं. गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपण हे उलटं केलं. उंचवट्यावरची गावठाणं भरली, वस्ती खाली भाताच्या खाचरात आणि काळ्या रानात उतरली.

आता आपला जिल्हा बघा. सकाळी कणकुंबीहून निघालात आणि बस बदलत बदलत संध्याकाळी अथणीला पोचलात, तर एका दिवसात तुम्ही जमिनीचे इतके प्रकार ओलांडता की दुसरीकडं त्यासाठी दोन राज्यं फिरावी लागतील. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला आणि दख्खनचा काळा पाषाण झाला. त्या पसाऱ्याची दक्षिणेकडची कड आपल्या जिल्ह्यातूनच जाते. कड म्हटल्यावर तिच्या पलीकडं वेगळा, त्याहून जुना खडक आला. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून पडतो तो काळा पाषाण नव्हे, तो वाळूचा दगड आहे. आणि इकडं पश्चिमेला, आपल्या खानापूर-जांबोटी पट्ट्यात, डोक्यावर जांभ्याची टोपी.

त्यात पाऊस. मलप्रभा जिथं उगवते त्या कणकुंबीत जेवढा पडतो त्याच्या तुलनेत बेळगावात फार कमी, आणि अथणीला पोचेपर्यंत पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. पाऊसच माती घडवतो. जिथं धो धो पडतो तिथं चुना, सिलिका, विरघळणारं सगळं वाहून जातं, मागं लोह आणि ॲल्युमिनियम उरतं. तीच आपली तांबडी माती आणि तोच जांभा. बॉक्साइट याच कुळातलं. जिथं पाऊस कमी तिथं चुना खाली बसून राहतो, खणलं की पांढरे खडे हाताला लागतात आणि वर काळी, भेगाळणारी जमीन. म्हणून खानापूरच्या माणसानं चिकोडीच्या पाव्हण्याचं बघून घराचा पाया घालू नये, आणि चिकोडीकरानं आपल्याकडचं बघून काजू लावू नये.

जुनी घरंही हे सांगतात. आपल्याकडं जांभ्याचे चिरे, वर उतरतं कौलारू छप्पर. पूर्वेला अथणीकडं जाल तसं छप्पर सपाट होत जातं, जाड मातीचं धाबं. पाऊस बदलला, माती बदलली, तसं घर बदललं. खानापूरला कुंभारकाम एवढं का वाढलं, ग्रामीण कुंभारकाम शिकवणारी केंद्राची संस्था इथंच का आली? इथली माती तशी आहे म्हणून.

आता थोडं घरचं सांगतो.

माझे आप्पा शाळामास्तर होते. १९८९ मध्ये निवृत्त झाले, फंडाचे पैसे आले, आणि शहराच्या कडेला अडीच गुंठ्यांचा एक प्लॉट त्यांनी घेतला. मी तेव्हा कॉलेजात होतो, जागा बघायला सोबत गेलो होतो. तांबडा, छान, सपाट मुरूम. चालताना बुटाखाली करकर वाजत होता. विकणारा म्हणाला, ‘मास्तर, मुरूम लागलाय की हो, आणि काय बघायचं?’ आप्पा खूश झाले. मीही झालो.

तो मुरूम दीड फूट होता. खाणीतून आणून पसरलेला. त्याच्या खाली आठ फूट काळी माती होती, आणि तीन वर्षांपूर्वीपर्यंत तिथं भात होत होता.

पाया खणताना ती निघालीच. गवंड्यानं सांगितलं, काळजी नको, पाच फूट खणू, वाळू भरून पाणी मारून बसवू, तिच्यावर पाया. ऐकायला बरोबर वाटतं. वाळू फुगत नाही, मग वाळू भरली की झालं. पण विचार करा, चारी बाजूंनी काळी चिकणमाती, पाणी न सोडणारी, आणि मधे वाळूनं भरलेला चर. पावसाळ्यात तो चर म्हणजे घराखाली बांधलेला हौद झाला. वरून पडलेलं पाणी वाळूत शिरलं, तिथंच थांबलं, आणि तळाच्या काळ्या मातीला महिनोन् महिने पाजत राहिलं.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्यापायऱ्यांची भेग निघाली. आप्पांनी तिच्या टोकाला पेन्सिलीनं बारीक आडवी रेघ मारली आणि तारीख लिहिली. पुढच्या महिन्यात भेग रेघेच्या पुढं गेली, त्यांनी दुसरी रेघ मारली, दुसरी तारीख. कोणीतरी सांगितलं म्हणून भेगेवर काचेची एक पट्टी सिमेंटनं आडवी चिकटवली. भिंत हलत असली तर काच तुटते. ती डिसेंबरात तुटली. सकाळी चहा घेताना टक् असा आवाज आला, आम्ही सगळ्यांनी भिंतीकडं बघितलं, आणि आप्पा काही बोलले नाहीत. मे महिन्यात त्या भेगेत रुपयाचं नाणं उभं राहायचं, ऑगस्टात जायचं नाही. घर श्वास घेत होतं. दर उन्हाळ्यात आम्ही भेगा बुजवायचो आणि दर उन्हाळ्यात त्या शेजारून उघडायच्या. फंडाचा उरलेला पैसा त्यातच गेला.

मी मातीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलो त्याला त्या भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघा कारण आहेत. चौतीस वर्षं हेच काम केलं.

ही माती असं का करते? तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पापडांची चळत डोळ्यांपुढं आणा. इतके पातळ पापड की डोळ्यांना दिसायचे नाहीत. पाणी आलं की ते दोन पापडांमध्ये शिरतं आणि चळत वाढते. ऊन पडलं, पाणी गेलं, चळत बसते. शेतकऱ्याला हे वरदान आहे, भेगांतून हवा खेळते, वरची माती आत पडते, जमीन आपली आपण नांगरली जाते. घराला मात्र एकसारखं फुगणंही नको असतं आणि वेगवेगळं फुगणं तर अजिबात नको असतं. घराच्या मध्यभागाखालची माती झाकलेली असते, ती ओली राहते. कडेची वाळते. एक भाग वर, एक खाली, आणि भिंत मधे फाटते.

आज मे महिना आहे. काळ्या रानात बघण्यासारखे दिवस हेच. घरी जाताना वाटेत कुणाच्या काळ्या शेतात भेग दिसली तर तिच्यात छडी घाला, किती आत जाते बघा. दोन फूट, तीन फूट सहज जाईल. जिथपर्यंत ऋतूप्रमाणे ओल येते-जाते, तिथपर्यंत माती हलते. आपल्याकडच्या खोल काळ्या जमिनीत ही हालचाल दीड मीटरपासून साडेतीन मीटरपर्यंत असू शकते. पाया तिच्या खाली न्यावा लागतो, किंवा तिची समजूत घालावी लागते.

म्हणून पहिलं काम खड्डा. नकाशा नंतर. प्लॉटच्या एका कोपऱ्यात नाही, जिथं घर येणार तिथंच दोन ठिकाणी. तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि निदान सहा फूट खोल. खोल जाताना कडा ढासळू नयेत म्हणून उतार देऊन, आणि एकट्यानं कधीच आत उतरायचं नाही. एक भिंत फावड्यानं स्वच्छ तासा आणि तिच्यापुढं बसा. घाई करू नका. ती भिंत वरून खाली वाचायची असते.

परवाच इथून जवळच्या एका गावात एका जोडप्याच्या जागेवर आम्ही असा खड्डा घेतला. तो कसा दिसला सांगतो. वर चार बोटं काळसर माती, गवताच्या मुळ्या, गांडुळांची भोकं. त्याखाली आठ-नऊ इंचांवर एक पट्टा, हाताचा तळवा मावेल एवढा, पहार टक् करून उडाली असा कडक. ही भाताची चिखलणी. वर्षानुवर्षं पाण्यात नांगर फिरवून, पायानं, बैलाच्या खुरांनी आणि आता ट्रॅक्टरच्या लोखंडी चाकांनी तिथं मुद्दाम थर दाबला जातो, पाणी खाली जाऊ नये म्हणून. भाताला तो पाहिजेच, त्याच थरावर आपला बेळगावी बासमती उभा राहतो. त्याच्या खाली पिवळट-राखाडी माती, तिच्यात गंजाच्या रंगाचे ठिपके. हे ठिपके ओळखायला शिका, मंडळी. पाणी चढतं, उतरतं, हवा येते, जाते, तेव्हा लोहाचे असे डाग पडतात. मे महिन्यात खड्डा कोरडा ठाक असला तरी ते डाग सांगतात की श्रावणात पाणी इथवर असतं. त्यांचा प्लॉट दाखवणाऱ्यानं ‘पाण्याचा काही त्रास नाही’ असं सांगितलं होतं. खड्ड्यानं साडेतीन फुटांवर वेगळं सांगितलं. साडेपाच फुटांना जांभ्याचा तांबूस मुरूम लागला. तो आणलेला नव्हता, त्याच्या भेगांत जुन्या मुळ्या होत्या.

हा फरक महत्त्वाचा. पसरलेला मुरूम आणि जागचा मुरूम. पसरलेल्यात प्लास्टिक, कौलाचा तुकडा, काळ्या मातीची ढेकळं मधेच सापडतात आणि खाली रेघ ओढल्यासारखी माती बदलते. जागचा हळूहळू बदलत जातो.

हाताला जी माती लागते तिची परीक्षा घरात होते. मूठभर ओली करा, मळा आणि कडबोळं वळा. वळतच नसेल, चुरा होत असेल तर वाळू जास्त. लांब वळली पण गोल करताना मोडली तर मध्यम. कडबोळं न तडकता पूर्ण वळलं तर चिकणमाती, तिथं या नळ्यांची चाचणी करून घ्यायची. काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, खूप हलवून ठेवली तर वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक कण, दोनेक तासांत, आणि चिकणमातीचं गढूळ दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतं. आयाबहिणींनो, तांदूळ धुवायचा अंदाज ज्या हाताला आहे त्या हाताला हे शिकवावं लागत नाही.

आणि आजूबाजूला बघा. शेजारच्या कंपाउंडच्या भिंती, विजेचे खांब कुठल्या बाजूला कलले आहेत. लव्हाळा, पाणकणीस उगवलं असेल तर पाणी साचतं. तरवड असेल तर बहुधा खाली मुरमाड. शेजारच्या विहिरीचं पाणी ऑगस्टात किती फुटांवर येतं ते विहिरीवाल्याला विचारा, जागा विकणाऱ्याला नको. जमलं तर सौदा पावसाळ्यात एकदा बघून मगच पुरा करा. २०१९ च्या ऑगस्टात दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा, इकडं मलप्रभा, मार्कंडेय काठच्या गावांत किती मातीच्या भिंती बसल्या ते आपण डोळ्यांनी पाहिलं. पाणी कुठवर आलं होतं ते तिथल्या म्हातारीला विचारलं तर ती दाराच्या चौकटीवर हात ठेवून दाखवते.

बिगरशेतीचं काम सगळ्यांना माहीत आहे, कर्नाटक भूमहसूल कायदा १९६४, कलम ९५. अर्ज, पहाणी, शिक्के. त्या कागदानं जमीन बिगरशेती होते हे खरं. पण माती शेतीचीच राहते, हे लक्षात ठेवून पुढचं करा.

काळ्या मातीवर घर होत नाही असं मी म्हणत नाही. होतं, आणि चांगलं होतं. काळी चार-पाच फुटांत संपत असेल तर ती पूर्ण काढा, जागच्या मुरमावर जा. सगळ्यात स्वस्त तेच. खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं याच मातीसाठी विकसित केलेले पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब, आहेत. साधारण तीन-साडेतीन मीटर खोल भोक आणि तळाशी त्याचा फुगवटा, भोकाच्या अडीच पट रुंद, कांद्यासारखा. तो कांदा न हलणाऱ्या थरात अडकतो, वरची माती कितीही फुगली तरी त्याला उपटू शकत नाही. वरचा बीम जमिनीला टेकू द्यायचा नाही, खाली मोकळी फट ठेवायची, नाहीतर फुगलेली माती बीमलाच ढकलते. ही फट विटांनी बुजवणारे मिस्त्री मी पुष्कळ पाहिलेत. नीटनेटकं दिसावं म्हणून बुजवतात. उभं राहून बघा.

तिसरा उपाय आय.आय.टी. मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी अभ्यासानं पुढं आणलेला. काळी काढून तिथं न फुगणारा पण चिकट, धरून राहणारा मुरूम साधारण एक मीटर जाडीनं थराथरानं ओला करून दाबायचा. काळ्या मातीतल्या कालव्यांच्या अस्तराखाली हा उपयोगी पडला. त्यातला ‘चिकट’ हा शब्द लक्षात ठेवा. वाळू नाही, खडी नाही. आमच्या आप्पांच्या पायात एवढाच फरक चुकला होता.

आणि काहीही केलं तरी घराभोवती पाच-सहा फूट रुंद फरशी बाहेरच्या उतारानं घाला, पागोळीचं आणि मोरीचं पाणी लांब न्या. घराच्या भिंतीला लागून मोठं झाड नको. झाड जेवढं उंच होणार तेवढं लांब. काळ्या मातीत ते उन्हाळ्यात पायाखालची ओल ओढून घेतं आणि एकाच कोपऱ्याला बसवतं.

जांभ्यावरच्या आपल्या लोकांना वाटेल, आम्ही सुटलो. बऱ्याच अंशी सुटलात. जांभा खाणीत मऊ असतो, कुऱ्हाडीनं चिरा कापता येतो, आणि वारा लागला की कडक होतो. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकानन यानं केरळात पाहून त्याला लॅटेराइट हे नाव दिलं, तेही विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून. पण जांभा वरून टणक आणि आत पोकळ असू शकतो. पायाच्या चरात दर दोन फुटांवर पहार आपटा आणि कान द्या. खणखणीत वाजली तर ठीक. बद्द वाजली तर तिथं खणा. कधी कधी टोपीच्या खाली पांढरट-गुलाबी, साबणासारखी माती असते, पाणी लागलं की लोण्यासारखी सुटणारी. उतारावर मागची बाजू उभी कापून घर बसवलं आणि तो कापलेला काठ या मातीत असेल तर पहिल्या मोठ्या पावसात तो खाली येतो.

आणि शोषखड्डा. जांभ्यातून पाणी भराभर जातं, म्हणून संडासाचा शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांत निदान साठ फूट अंतर ठेवाच, आणि विहीर वरच्या अंगाला. काळ्या मातीत उलट, शोषखड्डा शोषतच नाही, आषाढात तुंबतो. बांधायच्या आधी एक फूट खोल खड्ड्यात पाणी भरून, एकदा जिरू देऊन, पुन्हा भरा आणि तासाला किती उतरतं बघा.

आता परसाचं बोलतो, कारण इथं बसलेल्या बहुतेकांना या वर्षी घर नाही, झाडं लावायची आहेत.

आपली तांबडी माती आंबट आहे. तिच्यात स्फुरद (फॉस्फरस) घातलं तरी लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतं, मुळाला मिळू देत नाही. म्हणून खताची पोती ओतून उपयोग होत नाही, शेणखत, पालापाचोळा आणि चाचणीत निघेल तेवढाच चुना. काजू, फणस, कोकम याच मातीत सुखी. तिकडच्या काळ्या, चुनखडीच्या मातीत लिंबू लावलं की कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. लोक नत्र घालतात. रोग नत्राचा नसतो, मातीत लोह असून ते चुन्यामुळं झाडाला घेता येत नाही. आणि कृष्णाकाठी उसाला पाट मोकळा सोडून सोडून जमिनी चोपण, म्हणजे क्षारांनी बिघडून घट्ट झाल्या, वर पांढरी साय आली, त्या तर खतानं कधीच सुधारत नाहीत. आधी निचरा, मग चाचणीप्रमाणं जिप्सम.

शहराकडं एक नवीनच चाललंय. काळ्या जागेवर बाग करायची म्हणून ट्रॅक्टरभर तांबडी माती आणून वर फूटभर ओततात. झाड वर्षभर डोलतं. मग त्याच्या मुळ्या काळ्या थरावर पोचतात, तिथं पाणी अडलेलं असतं, आणि झाड पावसाळ्यात सडून मरतं. मातीवर माती ओतायची असेल तर खालची आधी खोल खणून दोन्ही एकत्र कालवा, किंवा गादीवाफे करा. आणि भाताच्या खाचरात बाग करणार असाल तर मघाशी सांगितला तो चिखलणीचा कडक थर पहारीनं फोडल्याशिवाय आंब्याचं रोप लावू नका. ते थराच्या वरच गोल गोल मुळ्या फिरवत बसतं, जशी कुंडीत फिरतात.

चाचणीसाठी माती नीट घ्या. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची नको, नुकतंच खत टाकलं असेल तिथली नको. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीसारखा खड्डा, भाजीला सहा इंच, फळझाडाला एक, दोन आणि तीन फुटांचे वेगवेगळे नमुने. सावलीत वाळवा, ढीग करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, अर्धा किलो उरेपर्यंत. रयत संपर्क केंद्रात द्या. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आहे, बारा बाबी तपासून मिळतात. पत्रिका घेऊन फोटोमागं खोचून ठेवू नका. सामू (माती किती आंबट की खारट ते) आणि सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्याशेणाचा अंश) या दोन ओळी आधी वाचा.

वेळ झाला. त्या जोडप्याच्या खड्ड्याचं तेवढं सांगतो. मी त्यांना म्हटलं, हा बुजवू नका, भोवती काटेरी कुंपण घाला, जनावर-पोर पडू नये, आणि मृग लागू द्या. त्यांनी आतल्या भिंतीवर फुटाफुटावर कोळशानं खुणा केल्यात. परवाच्या वळवानं तळाला वीतभर पाणी साचलं होतं, ते कोरडं व्हायला सव्वा दिवस लागला, त्यांनी वहीत लिहून ठेवलंय. नकाशेवाला दोनदा येऊन गेला, त्याला त्यांनी सप्टेंबरात या म्हणून सांगितलं. मी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिथं जाणार आहे. कुणाला यायचं असेल तर बाहेर वहीत नाव लिहा, छत्री आणि पहार आपली आपण आणा. आणि या नळ्या मी इथंच ठेवतोय, आपापल्या परसातली मूठभर माती उद्या सकाळी घेऊन या.